न दिलेले एक लाख रुपये

वर्ध्याच्या मगनवाडीत, जेथे ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते मगन संग्रहालय खुले झाले, तेथील चरख्यांच्या सहवासात मी यंदाच्या उन्हाळ्यातील एक अख्खी दुपार काढली. बाहेर वर्ध्याचा वैशाख होता, म्हणजे ज्याच्यापुढे माणूस आणि म्हैस यांची प्रतिष्ठा सारखीच उतरते असा. आणि माझ्या पिशवीत अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात चाललेल्या एका दाव्याच्या कागदांची चळत होती. त्या दाव्याचा विषय होता शीत संमीलन, ज्याला वर्तमानपत्रे ‘कोल्ड फ्यूजन’ म्हणतात: सूर्याच्या गर्भात कोट्यवधी अंश तापमानावर जी क्रिया घडते ती टेबलावरच्या काचपात्रात घडवून आणल्याचा दावा, त्या दाव्यावर लागलेला कंपन्यांचा पैसा, आणि त्या पैशाचा शेवटी कोर्टात झालेला हिशेब. चरख्याचा या प्रकरणाशी संबंध काय, असे कोणी मला दुपारी विचारले असते तर सांगता आले नसते. संध्याकाळी बाहेर पडताना तो सापडला होता.

१९२९ सालच्या जुलै महिन्यात अखिल भारत चरखा संघाने, ज्याच्या कारभारात आमच्या वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज आरंभापासून होते, सुधारलेला चरखा शोधून काढणाऱ्यास एक लाख रुपयांचे, अथवा परदेशी संशोधक असल्यास ७,७०० पौंडांचे, पारितोषिक जाहीर केले. गांधी हे यंत्राचे हाडवैरी होते अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी या पारितोषिकाच्या अटी एकदा वाचाव्यात, कारण त्या एखाद्या कसलेल्या इंजिनिअरने लिहिल्यासारख्या आहेत. चरखा हलका, सहज हलविता येण्याजोगा आणि खेड्यातील झोपडीत हाताने वा पायाने चालविता येण्याजोगा असावा. त्यावर स्त्रीला फारसे कष्ट न पडता आठ तास काम करता यावे. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. तो हिंदुस्थानात १५० रुपयांच्या आत तयार व्हावा. वेळोवेळी देखभाल केली असता किमान वीस वर्षे बंद न पडता चालावा, आणि त्या देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होऊ नये. यंत्र स्वखर्चाने परीक्षेसाठी पाठवावयाचे. संशोधकाने पेटंट खुशाल घ्यावे, मात्र पारितोषिक हवे असेल तर त्या पेटंटाचा हक्क संघाच्या नावे करून द्यावा.

या स्पर्धेत किर्लोस्करवाडीच्या किर्लोस्कर बंधूंनी उडी घेतली, म्हणजे ज्यांचा लोखंडी नांगर महाराष्ट्राच्या काळ्या मातीत तोवर नाव कमावून बसला होता त्यांनी. चरखा तयार झाला, परीक्षेला गेला, आणि परीक्षकांनी तो अटींना उतरत नाही असा निकाल दिला. निकाल दुःखद होता, परंतु त्यात कोणाची फसगत झाली नव्हती, कारण फूट, रुपये आणि वर्षे या तिन्ही मापांत काय सिद्ध करावयाचे ते यंत्राचा पहिला स्क्रू बसण्यापूर्वीच छापून प्रसिद्ध झालेले होते. मगनवाडीतून माझ्या पिशवीतील कागदांकडे पाहताना मला जी उणीव जाणवली ती नेमकी हीच.

शीत संमीलनाची कथा २३ मार्च १९८९ रोजी सुरू होते. त्या दिवशी अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे यूटा विद्यापीठाने पत्रकार परिषद बोलावली आणि मार्टिन फ्लाइशमन व स्टॅन्ली पॉन्स या दोन विद्युत्-रसायनशास्त्रज्ञांनी जगाला सांगितले की, जड पाण्यात पॅलेडियमचे ऋणाग्र आणि प्लॅटिनमचे धनाग्र बुडवून वीज सोडली असता, घातलेल्या विजेहून अधिक उष्णता निघते आणि ती कोणत्याही रासायनिक क्रियेने समजाविता येत नाही. फ्लाइशमन हे कोणी भुरटे प्रयोगकर्ते नव्हते. ते रॉयल सोसायटीचे सदस्य होते आणि त्यांच्या शास्त्रात त्यांचा दबदबा होता. शास्त्रीय नियतकालिकात निबंध येण्याआधी वार्ताहरांना बोलाविण्याची ही घाई मुख्यतः पेटंटाच्या हक्कापायी झाली, कारण शेजारच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात स्टीव्हन जोन्स हे याच वाटेवर चालत होते. या शास्त्रातील पहिले पाऊलच असे वकिलाच्या सल्ल्याने पडले.

कल्पना मात्र मूर्खपणाची नव्हती. पॅलेडियम हा धातू हायड्रोजन असा शोषून घेतो की स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे नऊशे पट वायू त्याच्या पोटात मावतो. जड पाण्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असतो. तो धातूच्या जाळीत ठासून भरला तर त्याची अणुकेंद्रे परस्परांच्या निकट येऊन एकरूप होतील, अशी ही आशा होती. अडचण अशी की दोन्ही अणुकेंद्रांवर धन भार असतो, आणि समान भार परस्परांना दूर लोटतात. हे लोटणे जिंकण्यासाठीच सूर्याला त्याचे प्रचंड तापमान लागते. दुसरी अडचण याहून बिकट. ड्यूटेरियमची दोन केंद्रके एकरूप झाली की जवळजवळ निम्म्या वेळा न्यूट्रॉन सुटतो आणि निम्म्या वेळा ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचेच आणखी जड रूप, तयार होते, हे शास्त्राला चांगले ठाऊक होते. त्या हिशेबाने एक वॅट उष्णतेमागे सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडावयास हवेत. यूटातील काचपात्रांतून ते खरोखर पडले असते तर पत्रकार परिषद घेण्यास कोणी उरले नसते.

तरीही पैसा आला. यूटाच्या विधिमंडळाने ५० लाख डॉलर मंजूर केले आणि राष्ट्रीय शीत संमीलन संस्था स्थापन झाली. दोन वर्षांत ती बंद पडली. मध्यंतरी त्या संस्थेला पाच लाख डॉलरची एक निनावी देणगी मिळाली, आणि चौकशीअंती हा गुप्तदाता म्हणजे खुद्द विद्यापीठच असल्याचे उघड झाले. त्या गदारोळात विद्यापीठाच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. मायकेल सॅलमन या तेथल्याच भौतिकशास्त्रज्ञाने पॉन्स यांच्या प्रयोगशाळेत मोजमाप करून काही सापडले नाही असा निबंध १९९० साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्याला वकिलाकडून दाव्याची धमकी गेली. ती पुढे मागे घेतली गेली, परंतु ज्याने मोजले त्याच्याच दारी नोटीस, हा या क्षेत्राचा रिवाज तेव्हापासून पडला.

आता आपल्याकडची हकीगत. मुंबईच्या तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक त्या वेळी पद्मनाभ कृष्णगोपाल अय्यंगार होते, ज्यांचे नाव १९७४च्या पोखरण चाचणीशी निगडित आहे. यूटाची वार्ता येताच त्यांनी केंद्रातील वेगवेगळ्या विभागांना कामाला लावले. जगातील बहुतेक प्रयोगशाळा जड पाण्याच्या बाटलीसाठी तळमळत असताना भारताच्या अणुऊर्जा खात्यापाशी ते विपुल होते, कारण आपल्या अणुभट्ट्याच त्यावर चालतात आणि रायगड जिल्ह्यातील थळ येथे त्याचा कारखाना उभा होता. शिवाय जड पाण्यातील ट्रिटियम मोजण्यात तुर्भ्याच्या माणसांची हयात गेलेली. एका गटाने तर शुद्ध हायड्रोजन मिळविण्यासाठी प्रयोगशाळांत वापरले जाणारे, पॅलेडियम-रौप्य मिश्रधातूच्या नळ्यांचे एक तयार यंत्र उचलले, त्यात साध्या पाण्याऐवजी जड पाण्याचे द्रावण भरले, आणि एप्रिल १९८९ संपण्यापूर्वीच न्यूट्रॉनांची लाट व ट्रिटियमची वाढ नोंदविली. डिसेंबर १९८९ मध्ये अय्यंगार व महादेव श्रीनिवासन यांनी या सर्व गटांचे निबंध एकत्र करून जो अहवाल काढला तो ‘बार्क-१५००’ या क्रमांकाने जगभरच्या अभ्यासकांत आजही ओळखला जातो.

त्या अहवालातील विलक्षण गोष्ट अशी, की न्यूट्रॉन आणि ट्रिटियम यांचे प्रमाण पाठ्यपुस्तकाप्रमाणे समसमान न येता ट्रिटियम लक्षावधी पटींनी अधिक आले. समर्थक म्हणाले, ही नवीच अणुक्रिया. विरोधक म्हणाले, ट्रिटियम आधीपासूनच जड पाण्यात वा पॅलेडियममध्ये असले पाहिजे. दोघांचे म्हणणे अहवालावरून पूर्णपणे सिद्ध होत नाही, आणि पूर्णपणे खोडूनही निघत नाही. माझे मत विचाराल तर विरोधकांचे पारडे मला जड वाटते. परंतु तुर्भ्याच्या या मंडळींविषयी मला आदर वाटतो, कारण त्यांच्या मागे भागधारक नव्हते, पेटंटाची घाई नव्हती, आणि जे दिसले ते त्यांनी, अडचणीच्या आकड्यांसकट, लिहून ठेवले. १९९० साली अय्यंगार अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, केंद्राची सूत्रे दुसऱ्या हाती गेली, आणि पुढील काही वर्षांत हे काम मावळले. श्रीनिवासन निवृत्तीनंतरही त्याचा पाठपुरावा करीत राहिले. या विषयाची सोळावी जागतिक परिषद २०११च्या फेब्रुवारीत चेन्नईला भरली, आणि २०१५ साली ‘करंट सायन्स’ने यासाठी एक खास विभाग काढला, त्याच्या संपादकांत ते होते. अय्यंगार चेन्नईच्या परिषदेनंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत वारले.

तुर्भ्याचे दिवे मालवत असताना परदेशी कंपन्यांच्या तिजोऱ्या उघडल्या. अमेरिकेतील वीजकंपन्यांच्या संशोधन संस्थेने कॅलिफोर्नियात मायकेल मॅक्यूब्र यांच्या प्रयोगांना पैसा पुरविला. तेथेच २ जानेवारी १९९२ रोजी एका पात्राचा स्फोट होऊन अँड्र्यू रायली हा तरुण शास्त्रज्ञ दगावला. त्याच सुमारास टोयोटा घराण्यातील मिनोरू तोयोदा यांच्या आश्रयाने पॉन्स आणि फ्लाइशमन फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ नव्या प्रयोगशाळेत रुजू झाले. १९९८ साली ती बंद झाली तोवर सुमारे १ कोटी २० लाख पौंड खर्ची पडले होते. जपान सरकारचाही एक कार्यक्रम याच दशकात सुरू होऊन याच दशकात संपला. मोटारीच्या कारखान्यात एका नटाची जाडी केसाच्या कितव्या भागापर्यंत चालेल हे ठरवून देणारी माणसे, या प्रयोगशाळेत काय दिसले म्हणजे यश आणि काय न दिसले म्हणजे अपयश, हे आरंभी ठरविल्याविना सहा वर्षे हप्ते भरीत राहिली, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

माझ्या पिशवीतला दावा याच्या पुढचा. इटलीतील आंद्रेआ रॉसी यांनी १४ जानेवारी २०११ रोजी बोलोन्या येथे, सेर्जो फोकार्दी या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना सोबत घेऊन, निकेल आणि हायड्रोजनवर चालणारे ‘ई-कॅट’ नावाचे उपकरण दाखविले. पुढल्या वर्षी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या टॉम डार्डन यांच्या पुढाकाराने स्थापलेल्या ‘इंडस्ट्रियल हीट’ कंपनीने त्यांच्याशी करार केला. आपल्याकडील जमिनीच्या व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर १ कोटी १५ लाख डॉलर बयाणा आधी पोचला, आणि ८ कोटी ९० लाख डॉलरची उरलेली रक्कम यंत्र सुमारे वर्षभर चालून, घातलेल्या ऊर्जेच्या सहापट ऊर्जा देते असे सिद्ध झाल्यावर द्यावयाची ठरली. येथे माझा वाचक म्हणेल, मग अट होतीच की! होती, आणि करारनाम्याचा तो भाग वाचताना मलाही क्षणभर मगनवाडीची आठवण झाली.

फरक पुढे आहे. चरखा संघाच्या परीक्षेला यंत्र संशोधकाच्या घरून निघून परीक्षकाच्या अंगणात येत असे. येथे यंत्र संशोधकाच्याच ताब्यात, फ्लोरिडातील डोराल गावच्या एका गोदामात, २०१५च्या फेब्रुवारीपासून वर्षभर चालले. वाफ विकत घेणारे गिऱ्हाईक त्याच गोदामात होते. परीक्षकाने यंत्र अटीहून कितीतरी पटींनी अधिक ऊर्जा देते असा अहवाल दिला. कंपनीने म्हटले की मोजमापच सदोष आहे, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे रॉसींच्या गोटातून उभे केलेले एक बाहुले आहे. रॉसींनी आरोप फेटाळले आणि उरलेल्या रकमेसाठी एप्रिल २०१६ मध्ये दावा लावला. कंपनीने उलट दावा गुदरला. जुलै २०१७ मध्ये सुनावणी उभी राहून थोडेच दिवस झाले होते, तोच उभय पक्षांनी तडजोड केली. कोणीच कोणाला पैसे दिले नाहीत, परवाना आणि यंत्र रॉसींकडे परत गेले. यंत्र चालते की नाही, या एका प्रश्नाचा फैसला, ज्यासाठी हा सारा कज्जा होता, जुरीपुढे आलाच नाही. तोवर नील वुडफर्ड या इंग्लंडमधील नावाजलेल्या गुंतवणूकदाराच्या निधीने मात्र या कंपनीत लोकांची बचत गुंतविलेली होती. त्यांचा मुख्य निधी २०१९ साली गोठला आणि पुढे गुंडाळावा लागला, त्याची कारणे अनेक आहेत.

या हकीगतीला हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. १९९६ साली तामिळनाडूतील रामर पिल्लै यांनी वनौषधी उकळून पाण्याचे पेट्रोल करतो असे सांगितले तेव्हा मोठमोठ्यांचे डोळे दिपले होते. २०१६ साली न्यायालयाने त्यांना फसवणुकीबद्दल तीन वर्षांची शिक्षा सुनावली. आणि आमच्या ज्या वर्धा जिल्ह्यात मांडवा येथे १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प वर्षानुवर्षे अर्धवट राहिला, ज्या जिल्ह्यातील शेतकरी रात्री बारानंतर येणाऱ्या विजेवर पंप सुरू करावयास कंदील घेऊन बांधावरून गेलेला आहे, त्याला कोणी काचपात्रातला सूर्य दाखविला तर तो क्षणभर थांबून पाहीलच. गरज जितकी खरी तितकी आशा स्वस्त नसते. ती फार महागात पडते.

कंपन्यांत मला एकच उदाहरण असे दिसले की ज्याने वर्ध्याचा धडा, नकळत का होईना, गिरविला. गूगलने २०१५ पासून सुमारे एक कोटी डॉलर खर्चून, निरनिराळ्या संस्थांतील तीसएक संशोधकांकडून, कर्टिस बर्लिंग्वेट यांच्या पुढाकाराने हे दावे पुन्हा तपासून घेतले, आणि २०१९च्या मे महिन्यात ‘नेचर’मध्ये निबंध छापून सांगितले की शीत संमीलनाचा पुरावा आम्हांला सापडला नाही. एखाद्या कंपनीने आपल्या पैशाने मिळविलेले अपयश स्वतःहून जाहीर करावे हे आजकाल दुर्मीळ. त्यातून वाट मात्र पूर्ण बंद झाली नाही: २०२३ साली अमेरिकी सरकारच्या ऊर्जा खात्यातील एका संस्थेने आठ प्रकल्पांना एक कोटी डॉलर देऊ केले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये बर्लिंग्वेट यांच्याच गटाने दाखविले की, पॅलेडियमच्या पत्र्यावर एका बाजूने ड्यूटेरियमचा मारा चालू असता दुसऱ्या बाजूने विद्युत्-रसायनाने आणखी ड्यूटेरियम भरला तर संमीलनाचा वेग सरासरी १५ टक्क्यांनी वाढतो. मिळणारी ऊर्जा घातलेल्या ऊर्जेच्या मानाने नगण्य आहे, हेही त्यांनी त्याच निबंधात लिहिले. १५ टक्के! छत्तीस वर्षांच्या गलबल्यातून हाती आलेले हे पीठ मूठभर आहे, पण ते पीठ आहे.

मगनवाडी ही नुसती चरख्यांची जागा नव्हे. १९३४च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला, त्याचे दफ्तर जमनालालजींनी दिलेल्या याच बागेत थाटले गेले, जे. सी. कुमारप्पा त्याचे मंत्री झाले, आणि त्याच्या सल्लागारांत जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय व चंद्रशेखर व्यंकट रामन यांची नावे होती. रॉकेलच्या परदेशी कंपन्यांच्या विळख्यातून खेडे सुटावे म्हणून गोड्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ येथेच सिद्ध झाला. ऊर्जेचा प्रश्न वर्ध्याने असा हाताळला होता, की तेल किती आणि उजेड किती हे शेतकऱ्याच्या घरात बसून पाहता यावे.

चरख्याच्या पारितोषिकाचे एक लाख रुपये अखेरपर्यंत कोणालाही मिळाले नाहीत. पुढे स्वातंत्र्यानंतर तामिळनाडूच्या एकंबरनाथ यांच्या कल्पनेतून अंबर चरखा आला व खेडोपाडी पसरला, तो त्या लाखाच्या आशेने नव्हे.

अणुऊर्जा खात्याला माझी विनंती आहे. तुर्भ्याच्या १९८९च्या अहवालातील जी दोन-तीन निरीक्षणे सर्वांत बळकट मानली जातात, तेवढी एकदा पुन्हा करून पाहावीत. जड पाणी आहे, मोजणारी माणसे आहेत, आणि खर्च एका उड्डाणपुलाच्या उद्घाटन समारंभाहून अधिक येऊ नये. मात्र प्रयोग सुरू होण्यापूर्वी पाण्यात व धातूत ट्रिटियम किती होते, किती वाढले म्हणजे वाढ मानावयाची आणि परीक्षक कोण, हे एका कागदावर लिहून तो कागद आधी छापावा. शक्य तर मराठीतही छापावा. आणि निकाल नकारार्थी आला, तर तोही त्याच टंकात, त्याच पानावर यावा.